आयरिश बायकांच्या वादनाचा १९८५ चा अल्बम : ऐकायचा कसा, आणि 'बायकांचा' असं वेगळं का म्हणायचं?

मृण्मयी_वाकड

मंडळी, जरा वेगळा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आत्या तीस वर्षांनी न्यू जर्सीचं घर आवरून कायमची पुण्याला आली. तिच्या सामानात सीड्यांचा एक डबा होता, त्यातली एक तिने मुद्दाम माझ्या हातात ठेवली. अल्बमचं नाव 'चेरिश द लेडीज', खाली लिहिलंय अमेरिकेतल्या आयरिश महिला वादक, साल १९८५, शॅनकी कंपनी. आत्या म्हणाली, "मला तिथे पहिली दोन वर्षं अजिबात करमत नव्हतं तेव्हा शेजारणीने दिलेली ही, नीट ऐक." आता मी शास्त्रीय थोडंफार ऐकते, भावगीतं, नाट्यसंगीत ऐकते, पण हे कानाला पूर्ण नवीन आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सगळे तुकडे सारखेच वाटले खरं सांगायचं तर, पण तिसऱ्यांदा ऐकताना भाजी निवडता निवडता पाय आपोआप ठेका धरायला लागला आणि मग मी ती भाजी बाजूला ठेवून बसूनच ऐकलं.

दोन प्रश्न आहेत. एक, हे ऐकायचं कसं, म्हणजे कान कुठे लावायचा? दुसरा, वाजवणाऱ्या बायका आहेत हे नावातच का सांगावं लागलं? आपण 'महिला सतारवादकांचा अल्बम' असं काही सहसा काढत नाही, आणि काढलं तर मला ते जरा खटकेल. तर हे असं का?

नीरजा_

रुमाल टाकून ठेवते. रात्री निवांत वाचेन.

पेटीवाला

मस्त विषय! ह्या संगीताशी माझी दोस्ती पेटीमुळे झाली, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो.

आधी रचना समजून घ्या. एका चालीचे बहुतेक वेळा दोन भाग असतात. पहिला आठ मात्राखंडांचा भाग दोनदा वाजतो, मग दुसरा आठचा तोही दोनदा. झाले बत्तीस. मग ती अख्खी चाल पुन्हा दोनतीनदा, आणि मग अजिबात न थांबता दुसरी चाल सुरू. अशा दोनतीन चालींच्या माळेला ते सेट म्हणतात. तुम्हाला 'सारखंच' वाटतंय ते ह्याच्यामुळे. एका चालीतून दुसऱ्या चालीत उडी पडते ना, तिथे कान लावा. बऱ्याचदा त्या उडीत स्वर बदलतो आणि अंगावर काटा येतो, सगळी गंमत त्या एका क्षणात असते.

दुसरं म्हणजे ताल. जिग म्हणजे सहाची, तीन-तीन, आपल्या दादऱ्याच्या जवळची पण पळती. रील चारची आणि वेगवान. स्लिप जिग नऊची. हॉर्नपाइप चारचीच पण डुलत डुलत जाणारी.

तिसरं स्वर. टिन व्हिसल बहुधा 'डी' मधली असते, म्हणजे आपली पांढरी दोन. पांढरी दोनला सा धरलात तर बिलावल. तेच स्वर ठेवून पांढरी तीनला सा माना, काफी झाला. पांढरी सहाला सा माना, खमाज झाला. एवढी साधी सहा भोकांची शिट्टी आणि तीन थाट फुकटात! आपल्याकडे ह्यालाच मूर्च्छना म्हणतात. मी पेटीवर हे करून बघितलं तेव्हा अर्धा दिवस त्यातच गेला, बायको जेवायला हाका मारत होती.

कोल्हापुरी_तडका

पेटीवाले काका एक नंबर! पण सहाची आन चारची हे ऐकताना ओळखायचं कसं ओ? मला तर सगळं पळतंय एवढंच कळतंय.

गॉलवेकर

@कोल्हापुरी_तडका, इथे शिकवताना एक सोप्पी युक्ती सांगतात. मनात 'कॅरट्स अँड कॅबेजेस' म्हणत राहायचं, ते चालीवर बसलं तर ती जिग. मी आयर्लंडमधल्या गॉलवेत सहा वर्षं आहे, ऑफिसातल्या एकीने मला हे शिकवलं.

कोल्हापुरी_तडका

मग आपलं मराठीत 'कांदा नि बटाटा, कांदा नि बटाटा' बसतंय की!! आत्ता लावून बघितलं, फिट्ट बसलं. आईपण म्हणायला लागली.

पेटीवाला

कांदा नि बटाटा! तीन आणि तीन, अगदी बरोब्बर. मी आता विद्यार्थ्यांना हेच सांगणार.

जुना_सभासद

मृण्मयी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कलेला स्त्री-पुरुष असं काही नसतं. डोळे मिटून ऐका आणि सांगा बघू फिडल (म्हणजे व्हायोलिनच) बाई वाजवतेय की बुवा, कोणालाही सांगता येणार नाही. असं लेबल लावलं की वादक बाजूला पडतो आणि लेबल पुढे येतं. मला तरी हा रेकॉर्ड कंपनीचा विक्रीचा विचार वाटतो. राग नसावा.

बोस्टनची_मीरा

जुना_सभासद, डोळे मिटून ऐकण्याबद्दल शंभर टक्के सहमत, पण अल्बम कसा जन्माला आला ते सांगते, मग बघा मत बदलतं का.

हे सगळं जमवणारा माणूस मिक मलोनी. आयर्लंडमधल्या लिमरिककडचा, स्वतः बँजो वाजवणारा आणि लोकसाहित्याचा अभ्यासक, अमेरिकेत स्थायिक झालेला. २०२२ मध्ये गेला. तर हा अमेरिकेतल्या आयरिश वस्त्यांमधून फिरत होता आणि त्याच्या लक्षात आलं की नव्या पिढीतले सगळ्यात चांगले वाजवणारे बघावेत तर त्यात मुलीच मुली. त्यांचे बाप वादक, आजोबा वादक, पण मंचावर, रेकॉर्डवर नावं बहुतेक पुरुषांची. म्हणून १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फक्त ह्या बायकांच्या मैफिली झाल्या, त्या हाउसफुल्ल गेल्या, आणि त्यातून हा अल्बम आला. 'चेरिश द लेडीज' हे मुळात एका जुन्या जिगचं नाव आहे, बायकांचा मान राखा अशा अर्थाचं, ते ह्यांनी उचललं. पुढे त्याच नावाचा बँड झाला, तो अजून वाजवतोय! मलोनीने त्याच साली आणखी एक अल्बम काढला 'फादर्स अँड डॉटर्स', बाप आणि लेकींचा. दोन्ही एकापाठोपाठ ऐकले की त्याला काय म्हणायचं होतं ते कळतं.

तर हे लेबल आधी होतं आणि मग वादक शोधले असं झालेलं नाही. वादक होत्याच, दिसत नव्हत्या एवढंच.

मृण्मयी_वाकड

मीरा, किती छान सांगितलंस! मला हे काहीच माहीत नव्हतं. सीडीवर जोनी मॅडन असं नाव आहे, फ्लूट आणि व्हिसल. ती कोण?

बोस्टनची_मीरा

जोनी मॅडन म्हणजे ह्या बँडचा कणाच. ब्रॉन्क्समध्ये वाढलेली. वडील जो मॅडन ॲकॉर्डियन वाजवायचे, ते पूर्व गॉलवेतल्या पोर्टुम्नाचे, आई क्लेअरच्या मिलटाऊन मॅलबेची. ती व्हिसल शिकली जॅक कोएन ह्यांच्याकडे, तेही पूर्व गॉलवेचेच आणि तेही ब्रॉन्क्समध्येच. म्हणजे गॉलवेतल्या दोन गावांची वाजवायची पद्धत न्यूयॉर्कच्या एका मोहल्ल्यात पुढच्या पिढीकडे गेली. सीनियर ऑल-आयर्लंड व्हिसल स्पर्धा जिंकणारी ती पहिली अमेरिकन. २०२१ मध्ये तिला अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली, लोककलावंतांसाठी तिथला सर्वोच्च मान.

आणि फिडलवर आयलीन आयव्हर्स असेल बघ. तीही ब्रॉन्क्सचीच, मार्टिन मल्विहिल ह्यांची शिष्या. ऑल-आयर्लंडची नऊ विजेतेपदं तिच्या नावावर आहेत, पुढे रिव्हरडान्स ह्या आयरिश नाचाच्या गाजलेल्या कार्यक्रमातही वाजवायची.

जुना_सभासद

@बोस्टनची_मीरा, माहितीबद्दल आभार. हे मला ठाऊक नव्हतं. तरी माझा मुद्दा मी सोडत नाही. १९८५ ला गरज होती हे मान्य. पण 'दिसत नव्हत्या' हे सरसकट नाही. कॉर्कमध्ये जन्मलेली मार्गारेट बॅरी (१९१७ ची) जत्रांमधून, रस्त्यावर बँजो घेऊन गायची आणि १९५० च्या दशकात लंडनच्या कॅम्डन टाऊनमधल्या पबांत ती आणि फिडलवाला मायकल गॉर्मन ह्यांना ऐकायला गर्दी व्हायची. तिला कोणी लेबल लावलं नव्हतं, तिच्या आवाजाने माणसं थांबायची. माझ्याकडे तिच्या गाण्याची तबकडी आहे. खणखणीत, आडदांड, अजिबात गोड न करता गायलेलं. मला ती ह्या सगळ्यांपेक्षा जास्त आवडते.

एनिसची_सिस्टर

मी सहसा इथे फक्त वाचते पण आज लिहायलाच हवं. मूळची मिरजेची, गेली अकरा वर्षं क्लेअर काउंटीत एनिसला नर्स आहे.

जुना_सभासद काका, मार्गारेट बॅरी रस्त्यावर गायची कारण तिचं जगणंच तसं फिरतं होतं. ज्यांचं घर होतं, शेत होतं, त्या बायका कुठे वाजवायच्या ते मी तुम्हाला सांगते कारण इथे येऊन ते मला कळलं.

क्लेअरमध्ये कॉन्सर्टिना नावाचं वाद्य फार आहे. आपल्या पेटीचंच नात्यातलं म्हणा, हवेच्या भात्यावर आणि धातूच्या पत्त्यांवर (रीडवर) चालणारं, पण दोन हातांत मावणारं, सहाआठ बाजूंचं. जुन्या काळी स्वस्तातल्या जर्मन कॉन्सर्टिना दुकानात मिळायच्या आणि इथे ते बायकांचं वाद्य समजलं जायचं. चुलीशेजारी भिंतीत कोनाडा असायचा त्यात ठेवलेलं, कारण ऊब लागली की वाद्य दमट होत नाही. संध्याकाळी शेजारीपाजारी जमले की घरची बाई ते काढणार आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर लोक नाचणार. हा त्यांचा मंच.

मग १९३५ मध्ये कायदा आला, सार्वजनिक नाचाला परवाना लागायचा. चर्चचाही घरच्या नाचांना विरोध होता. पुष्कळ ठिकाणी घरातले नाच बंद पडले, नाच हॉलमध्ये गेला, हॉलसाठी बँड लागले, आणि त्या बँडांत बहुतेक पुरुष. घरात वाजवणारी बाई घरातच राहिली आणि तिच्याभोवतीचा नाच तेवढा निघून गेला. पबमध्ये जाऊन वाजवावं तर तिथे बाईने मोकळेपणी बसणं बरं दिसायचं नाही, तिच्यासाठी आडोसा केलेली छोटी खोली असायची, स्नग म्हणतात तिला.

आमच्या वॉर्डात एक आजी होत्या, नव्वदीच्या. बोटं वाकलेली होती सांधेदुखीने. एकदा रात्रीच्या ड्यूटीला मी त्यांना औषध द्यायला गेले तर पांघरुणावर त्यांची बोटं हलत होती. मला वाटलं दुखतंय. म्हणाल्या, "नाही गं, वाजवतेय." लग्नानंतर चाळीस वर्षं हात लावला नव्हता म्हणाल्या, पण चाली सगळ्या बोटांत होत्या. त्यांचा एकही सूर कुठे रेकॉर्ड झालेला नाही. तो अल्बम 'बायकांचा' म्हणून का काढला असं कोणी विचारलं की मला त्या बोटांची आठवण येते.

नीरजा_

सिस्टर :( काय लिहिलंत. डोळ्यांत पाणी आलं.

कोल्हापुरी_तडका

सिस्टर ताई, लिहीत जावा ओ तुम्ही. मिरजेची म्हणजे आमच्या शेजारच्याच की.

पेटीवाला

कोनाड्यातल्या उबेचं ऐकून बरं वाटलं. माझी पेटी पावसाळ्यात अशीच फुगते, पट्ट्या अडकतात. मीही बल्ब लावून ठेवतो.

शुभदा_ताई

सिस्टर, तुमचं वाचून मला आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवल्या. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ ह्यांनी खेड्यापाड्यांत जाऊन बायकांच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, त्या आधी कोणी लिहून घ्यायच्या लायकीच्याही समजत नव्हतं. गिरण्या आल्या, जातं गेलं, गळा तेवढा राहिला. तुमच्या आजींचंही तेच झालं की! नाच गेला आणि बोटं राहिली.

बोस्टनची_मीरा

शुभदाताई, भावना पोचली, पण एक फरक आहे असं मला वाटतं. ओवी बाईची स्वतःची, तिचं सुखदुःख, तिचा भाऊ, तिचं माहेर, सगळं शब्दांत आहे. आणि ऐकणारीही शेजारी दळणारी बाईच. ह्या आयरिश चालींना बहुतेकदा शब्दच नाहीत, त्या नाचासाठी आहेत, बापाकडून लेकीकडे जशा आल्या तशाच शेजारच्या बुवाकडूनही आल्या. बायकांचं असं वेगळं संगीत नाही तिथे. एकच संगीत होतं आणि त्यात बायकांची बसायची जागा बदलली.

शुभदा_ताई

हो, हे पटलं. शब्द नाहीत हा मोठाच फरक आहे.

जुना_सभासद

सिस्टर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या आधीच्या प्रतिसादातलं 'विक्रीचा विचार' हे मी मागे घेतो. कॉन्सर्टिना वाजवणारी कोणी बाई रेकॉर्ड झालीच नाही का त्या काळात?

एनिसची_सिस्टर

झाली ना काका! मिसेस क्रॉटी. एलिझाबेथ क्रॉटी, किलरशची, १८८५ ते १९६०. नवऱ्याबरोबर पब चालवायची, तो पब किलरशच्या चौकात अजून आहे, मी जाऊन आलेय. १९५० च्या दशकात रेडिओचे किआरान मॅक माहूना रेकॉर्डिंगची गाडी घेऊन क्लेअरमध्ये फिरत होते, त्यांनी तिला रेकॉर्ड केलं आणि साठी उलटलेली ही बाई देशभर माहीत झाली. सगळे अजूनही मिसेस क्रॉटीच म्हणतात, एलिझाबेथ म्हटलं तर कोण ते चटकन कळत नाही.

शांत वाजवते. घाई नाही. बाजूला कोणी बोलतंय, भांड्याचा आवाज येतोय असं वाटावं इतकं घरचं वाजवणं आहे.

आणि किल्फेनोरा केली बँड पण ऐका, तो कित्येक वर्षं किटी लिनन ह्या बाईने चालवला, पियानोवर बसून. त्यामुळे बँडमध्ये अगदीच बायका नव्हत्या असंही नाही. पियानो चालायचा बाईने वाजवलेला.

कोल्हापुरी_तडका

केली बँड म्हणजे? कुणी काय केली?

एनिसची_सिस्टर

हा हा, केली म्हणजे नाचगाण्याचा मेळावा, आयरिश भाषेतला शब्द. लिहितात भलतंच, म्हणतात केली.

न्यू_ब्रन्सविक_०८

उशिरा येतोय धाग्यावर. मी 'चेरिश द लेडीज'ना प्रत्यक्ष ऐकलंय, इथे जर्सीत त्यांच्या ख्रिसमसच्या कार्यक्रमाला. जोनी मॅडन मध्ये मध्ये गोष्टी सांगते, हसवते, मग फ्लूट तोंडाला लावते आणि सगळं सभागृह गप्प.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या १९९२ च्या 'द बॅक डोअर' अल्बमबद्दल. बँड म्हणून तो त्यांचा पहिला. त्यातलं ह्याच नावाचं गाणं कॅथी रायनने लिहिलंय आणि गायलंय, १९८० च्या दशकात कागदपत्रांशिवाय अमेरिकेत आलेल्या आयरिश पोरापोरींवर. मागच्या दाराने आलेले, परत जाता येत नाही, घरी कोणी गेलं तरी जाता येत नाही. माझा व्हिसा कायदेशीर होता, माझी गोष्ट तशी नाही हे मला माहितेय. पण २०२० मध्ये आजी गेली तेव्हा मलाही जाता आलं नव्हतं, व्हिसाच्या स्टॅम्पिंगला भारतात अडकलो तर नोकरी जाईल म्हणून. व्हिडिओ कॉलवर बघितलं सगळं. त्या आठवड्यात हे गाणं माझ्या कानात लूपवर होतं. मृण्मयी, तुमच्या आत्याला पहिली दोन वर्षं करमत नसताना तो अल्बम का धरून ठेवावासा वाटला ते मला एका वाक्यात कळलं.

मृण्मयी_वाकड

@न्यू_ब्रन्सविक_०८, हे आत्याला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून चहा टाकायला गेली. नंतर म्हणाली त्याला सांग, मी पण माझ्या आईच्या वेळी नव्हते.

नीरजा_

थोडं हलकं करते. शब्द असलेलं काही सुचवा ना कोणी. मला नुसतं वाद्यसंगीत फार वेळ ऐकवत नाही. 'अ वूमन्स हार्ट' म्हणून एक अल्बम कोणीतरी सुचवला होता, तो ह्यातलाच का?

गॉलवेकर

नीरजा, तो १९९२ चा, आयर्लंडमध्ये प्रचंड खपलेला, इथे जवळजवळ प्रत्येक घरात सापडतो. सहा जणी आहेत, एलिनॉर मॅकेव्हॉय, मेरी ब्लॅक, डोलोरेस कीन, शॅरन शॅनन, फ्रान्सिस ब्लॅक आणि मॉरा ओकॉनेल. मेरी आणि फ्रान्सिस सख्ख्या बहिणी. फ्रान्सिस आता इथल्या सेनेटमध्ये आहे.

जुना_सभासद

तो पारंपरिक नाही. त्यातली पुष्कळशी गाणी नवी, लिहिलेली आहेत. गिटारची साथ, रेडिओवर वाजावं असं सगळं. चांगला आहे, पण ह्या धाग्याचा विषय नाही.

गॉलवेकर

काका, शॅरन शॅनन क्लेअरची ॲकॉर्डियनवाली आहे, ती पारंपरिक नाही तर मग कोण? आणि डोलोरेस कीन तर परंपरेतच वाढली. चार वर्षांची असल्यापासून गॉलवेत आजीकडे आणि आत्यांकडे, रीटा आणि सारा कीन. ह्या दोघी बहिणी शान-नोस गाणाऱ्या. शान-नोस म्हणजे जुनी पद्धत, साथ अजिबात नाही, ठेका नाही, एकटा गळा आणि बारीक बारीक हरकती. पण ह्या दोघी एकत्र गायच्या, एका श्वासात, एकाच वेळी तीच मुरकी. कसं जमायचं कोण जाणे. नीरजा, तुम्ही रीटा आणि सारा कीनपासून सुरुवात करा.

जुना_सभासद

कीन भगिनींबद्दल एक अक्षर वाद नाही. ऐकाच.

नीरजा_

आत्ता ऐकलं. भाषा कळली नाही तरी पहाटेच्या काकड्याला दोन म्हाताऱ्या बायका सूर धरतात ना, तसं काहीतरी पोटात हललं. आणि परत आत्याच आल्या की हो धाग्यात!

शुभदा_ताई

आयरिश बाई आणि संगीत म्हटलं की मला मार्गारेट कझिन्स आठवतात. रोसकॉमनमधल्या बॉइलच्या, डब्लिनला संगीत शिकलेल्या, तिथे मताधिकाराच्या चळवळीत होत्या. १९१५ मध्ये भारतात आल्या. १९१९ ला टागोर मदनपल्लीला गेले होते तेव्हा 'जन गण मन'ची चाल त्यांनी स्वरलिपीत उतरवून घेतली. आणि अखिल भारतीय महिला परिषद उभी करण्यात त्यांचा पुढाकार, तिचं पहिलं अधिवेशन १९२७ च्या जानेवारीत आपल्या पुण्यातच झालं. धागा भरकटवला असेल तर माफ करा.

पेटीवाला

असा भरकटलेला चालतो ताई. हे पुण्यात किती जणांना माहीत असेल?

नाशिकची_द्राक्षं

सगळं वाचून काढलं एका बैठकीत. मला शिकायचं असेल तर? मी पस्तिशीची, कधी काही वाजवलेलं नाही.

गॉलवेकर

डी मधली टिन व्हिसल घ्या. ऑनलाइन मिळते, फार महाग नाही. चाल आधी ओठांवर येऊ द्या, मग बोटांवर. इथले जुने लोक कागदावरून शिकवत नाहीत, एक तुकडा वाजवतात, तुम्ही परत वाजवायचा, की पुढचा. तबल्याच्या क्लासला बोल आधी तोंडाने म्हणून घेतात ना, तसंच. आणि स्वरांच्या मध्ये चटकन दुसरं बोट उचलून जो टोला देतात त्याला कट म्हणतात, आपल्या कणाचा भाऊ. तो सुरुवातीला विसरा. आधी चाल सरळ वाजू दे.

मी दर मंगळवारी एका पबमधल्या सेशनला जातो, अजून मागच्या रांगेत बसतो. तिथे कोणी एकट्याने पुढे येऊन चमकत नाही, सगळे मिळून तीच चाल वाजवतात, जवळजवळ आपल्या भजनी मंडळासारखं. ज्याला चाल येत नाही तो वाद्य मांडीवर ठेवून ऐकतो. तो बोरान, म्हणजे आपल्या डफासारखा, तो एका वेळी एकच बरा, तीन जण बडवायला लागले की बाकीचे तोंडं पाडतात.

मृण्मयी_वाकड

गॉलवेकर, तुमच्या सेशनमध्ये बायका किती असतात हो? आता तरी प्रश्न मिटला असेल ना?

गॉलवेकर

आमच्या मंगळवारच्या टेबलाशी निम्म्या, कधी जास्तच. तिथे कोणाच्या मनातही येत नाही. पण महोत्सवांच्या मोठ्या मंचावर तसं नाही, म्हणूनच २०१८ मध्ये इथल्या बायकांनी 'फेअर प्ले' नावाची चळवळ सुरू केली, लोकसंगीताच्या मंचावर बायकांना बरोबरीची जागा हवी म्हणून. म्हणजे १९८५ नंतर तेहतीस वर्षांनी. ज्यांनी शिकायला मुली पाठवल्या, ज्या मुली स्पर्धा जिंकल्या, त्या कार्यक्रमपत्रिकेत कुठे जातात हा प्रश्न तेव्हाही उरलेलाच होता.

एनिसची_सिस्टर

आणि मुलं झाल्यावर रात्री अकराला सुरू होणाऱ्या सेशनला कोण जाणार हाही प्रश्न आहे. इथल्या माझ्या मैत्रिणीचं फिडल चार वर्षं कपाटावर होतं. आता मुलगी शिकायला लागली म्हणून आईनेही काढलंय. दरवर्षी जुलैमध्ये मिलटाऊन मॅलबेला विली क्लॅन्सी ह्या पाइपवादकाच्या नावाने उन्हाळी शाळा भरते, १९७३ पासून, गावातल्या घराघरांत आणि शाळांत वर्ग. गेल्या वर्षी दोघी मायलेकी एकाच वर्गात होत्या. जोनी मॅडनच्या आईचं गाव हे, वर मीराने लिहिलंय तेच.

बोस्टनची_मीरा

सिस्टर, आईकडून मुलीकडे नाही, मुलीमुळे आईकडे परत! 'फादर्स अँड डॉटर्स'नंतर आता 'मदर्स अँड डॉटर्स' निघायला हवा.

जुना_सभासद

तो निघाला तर मी पहिला विकत घेईन. आणि नावाबद्दल तक्रार करणार नाही.

मृण्मयी_वाकड

दोन आठवड्यांनी परत येतेय धाग्यावर. पेटीवाल्यांनी सांगितलेलं केलं, फक्त उड्यांवर कान ठेवला. आता प्रत्येक सेटमध्ये ती जागा येण्याआधीच मी श्वास धरून बसते. आणि 'सगळं सारखं' वाटायचं ते पूर्ण गेलंय, आता दोन फिडलवाल्यांचा हातसुद्धा वेगळा कळतो, एकीचं गज ओढणं लांब आहे, एकीचं तुटक.

काल आत्याला विचारलं, तुला ही ज्या शेजारणीने दिली ती वाजवायची का काही? आत्या म्हणाली, "तिच्याकडे ॲकॉर्डियन होतं, वडिलांचं. पण माझ्यासमोर कधी काढलं नाही. एकदा मी जिना चढत होते तेव्हा दाराआडून ऐकू आलं. मी तिथेच पायरीवर बसले, ती थांबेपर्यंत. मग आवाज न करता वर गेले."

सिस्टर, तुमच्या आजींच्या बोटांचं मी तिला तेव्हाच वाचून दाखवलं.

एनिसची_सिस्टर

मृण्मयी, आत्यांना विचारा ना, ती काय वाजवत होती, कांदा-बटाटा बसत होतं का त्यावर?

मृण्मयी_वाकड

विचारलं. डोळे मिटून थोडा वेळ मांडीवर बोटं आपटली तिने. मग म्हणाली, बसतंय.